पेशीला कान असतात?

"बाई, पाय जरा जपून... खाली अंडी आहेत!"

पंचफुला दचकली. पुलगाव स्टेशनच्या बाकाखाली बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता, डब्यात पिंजलेला कापूस आणि कापसात निजवलेली दोन डझन पांढरीशुभ्र अंडी. डब्याचा मालक बाकाच्या दुसऱ्या टोकाला अंग चोरून बसला होता. पंचविशीचा असेल. डोळ्यांना चष्मा, धुवट सदरा आणि सदऱ्याच्या खिशात चक्क थर्मामीटर. डॉक्टर म्हणावा तर जवळ अंडी, अंडीवाला म्हणावा तर खिशात थर्मामीटर! पंचफुलाचा गोंधळ उडाला, आणि खरं सांगायचं तर त्या दुपारी उडालेला गोंधळ पुढे दीड महिना खाली बसलाच नाही.

अठ्ठावन्न सालचा जानेवारी होता. कापसाचा हंगाम भरात, गिरणी चालू, जिनिंग चालू, आणि हवेत जिकडेतिकडे कापसाची तुसं तरंगत होती. पंचफुला पुलगावच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. शनिवारची सकाळची शाळा आटोपली की ती दुपारच्या गाडीनं वर्ध्याला शिक्षिकांच्या वर्गाला जायची. वय एकवीस, जीभ तिखट, आणि डोळे एका जागी ठरतील तर शपथ.

"एवढ्या लाडानं कोठी घेऊन चालले?" तिनं विचारलं.

"कॉलेजात. मी तिथे डेमॉन्स्ट्रेटर आहे, प्राणिशास्त्राचे प्रयोग दाखवतो." चष्मेवाला पुस्तकातल्यासारखं बोलत होता. "अंड्यात पिल्लू कसं घडतं, ते पाहायचं आहे. पण तीन आठवडे झाले, एकही अंडं वाढत नाही. उबवणीच्या पेटीचं तापमान बरोबर आहे, ओलावा बरोबर आहे, दिवसातून पाच वेळा मी स्वतः अंडी फिरवतो..."

पंचफुलानं एक अंडं उचललं आणि उन्हात धरून पाहिलं. "कोठची हायेत?"

"लष्करी कॅम्पाच्या रस्त्यावर एक कंत्राटदार आहे. विलायती कोंबड्या. एक नंबर माल."

"मंग नाई होणार पिल्लू."

"का? ओलावा कमी पडतो का?"

"ओलाव्याचं नाई..." आता पंचफुलाच्या लक्षात आलं की आपण बोलायला निघालोय ते परक्या पुरुषासमोर बोलण्यासारखं नाही. पण निघालेला शब्द परत कसा घ्यायचा? ती मान खाली घालून म्हणाली, "तथी कोंबडा नाई."

"म्हणजे?"

"म्हणजे... कोंबडाच नाई, मास्तर! शेजारच्या बंगल्यातल्या साहेबाची झोप मोडते म्हणून कंत्राटदारानं एक बी कोंबडा ठेवला नाई. साऱ्या पुलगावले ठाऊक हाय."

प्राणिशास्त्रातला एम. एस्सी. झालेला तो माणूस आधी तिच्याकडे, मग डब्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे पाहत राहिला. त्याचे कान हळूहळू लाल झाले. मग तो एकदम हसला, अगदी मोकळा, आणि त्याची पुस्तकी भाषा कुठल्या कुठे पळाली. "बाप्पा! तीन आठवडे मी थर्मामीटरले शिव्या देऊन राह्यलो!"

पंचफुलाही हसली. थांबायला हवं होतं, पण थांबता येईना. "माह्या मायजवळ कोंबड्या हायेत," ती म्हणाली. "कोंबडा बी हाय. लय आरवते. पुढच्या शनिवारी आणीन."

गाडी आली. दोघं एकाच डब्यात बसली, समोरासमोर, आणि मध्ये अंड्यांचा डबा. उतरताना तो म्हणाला, "मी हरिदास थूल. देवळीजवळच्या गावचा." तीही म्हणाली, "पंचफुला भगत." तो क्षणभर घुटमळला, मग हलकेच म्हणाला, "जय भीम." पंचफुलानं उत्तर दिलं आणि लगेच तिला वाटलं, आपण फार घाईनं दिलं की काय? तेवढ्यात त्यानं हात थोडा उचलला, तिच्या डोक्याकडे पाहिलं, काही सांगायला तोंड उघडलं... आणि हात खाली घेऊन चालता झाला.

वर्गात गेल्यावर मैत्रिणीनं तिच्या केसांतून बोटभर कापूस काढला. तो कापूस पंचफुलानं फेकला नाही. का नाही फेकला, ते तिला विचारू नका. तिलाही सांगता आलं नसतं.

पुढच्या शनिवारी तिनं मायच्या, म्हणजे जिजाबाईच्या, लाल कोंबडीची बारा अंडी नेली. त्याच्या पुढच्या बुधवारी हरिदासनं ती पेटीत ठेवली आणि शनिवारी पंचफुला कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या खोलीत येऊन उभी राहिली. बरण्यांतले बेडूक, औषधाचा उग्र वास आणि कोपऱ्यात एक लाकडी पेटी, आत दोन दिवे पेटलेले. हरिदासनं एक अंडं असं उचललं की जणू त्याच्या हातात दुसऱ्याचं घर होतं. अंड्याच्या टरफलाला त्यानं नखाएवढी खिडकी कापली होती आणि तिच्यावर पातळ काच ठेवून कडा मेणानं बंद केल्या होत्या.

"वाका. पण काचेवर श्वास लागू देऊ नका."

पंचफुला वाकली. पिवळ्या बलकावर लाल धाग्यांचं जाळं पसरलं होतं आणि मधोमध एक लाल टिंब होतं. ते टिंब थडथडत होतं.

"हे... काय?"

"हृदय. तीन दिवसांचं."

पंचफुला श्वास घ्यायचीच विसरली. जन्मापासून तिनं शेकडो पिल्लं टरफल फोडून बाहेर येताना पाहिली होती. पण त्याच्या आधी आत काय चालतं, हा विचार तिच्या मनाला कधी शिवला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवण्यासाठी तिनं घाईनं प्रश्न विचारला. "पण याले समजते कसं? अथी डोळा करायचा, अथी पाय करायचा, हे कोण सांगते?"

हरिदासचा चेहरा उजळला. एवढा उजळला की पंचफुलाला वाटलं, हा माणूस आत्तापर्यंत अंधारात उभा होता की काय. "हेच तं साऱ्या जगाले नीट समजून नाई राह्यलं! कोणी पाटील नाई आतमध्ये. शेजारी शेजाऱ्याले सांगते. डोळ्याचा प्याला मेंदूतून वर येते, वरच्या कातडीले भिडते आणि सांगते, तू आता भिंग हो. कातडी आयकते आणि भिंग होते. प्याला काढून टाकला तं कातडी ती कातडीच राह्यते."

"सांगते म्हणजे? बोलते का?"

"कायतरी झिरपते. परदेशात एका प्रयोगशाळेत असं झालं पाहा..." तो कपाटातून हातानं उतरवून आणलेली पानं काढायला धावला. नागपूरच्या लायब्ररीत बसून त्यानं ती लिहून आणली होती. "उंदराच्या अंगावरची एक गाठ अंड्यातल्या पिलाजवळ लावली, तं पिलाच्या मज्जापेशींले सारीकडून धागे फुटले. गाठीतून कायतरी येते, वाढ म्हणते आणि पेशी वाढते. मंग तेच द्रव्य सापाच्या विषात बी सापडलं!"

"सापाच्या विषात? मंग करा ना प्रयोग. आपल्या इकडे सापाले काय तोटा हाय?"

"विष काढाले हिंमत लागते. माह्यात नाई."

"ते दिसतेच," पंचफुला म्हणाली आणि पुन्हा काचेवर वाकली.

मग तिनंच विचारलं, "सगळ्याच पेशी वाढतेत का त्या द्रव्यानं?"

"नाई ना! गंमत तीच हाय. द्रव्य साऱ्यांच्या अंगावरून जाते, आयकतेत थोड्याच. म्हणून मले वाटते, पेशीले कान असन. तिच्या अंगावर कायतरी असलं पाह्यजे, निरोप धरून घेणारं. कान नसला तं निरोप बाजूनं निघून जाते, पेशीले पत्ता बी लागत नाई."

"कोणी पाह्यला हा कान?"

"कोणीच नाई. पण असलाच पाह्यजे."

"आणि कान हाय, पण निरोप उशिरा आला तं?"

"तं बी नाई होत. वेळ टळली का तीच कातडी मंग आयकत नाई."

हे बोलताना तो तिच्याकडेच पाहत होता. पंचफुलाला कळेना, हा कोंबडीच्या पिलाबद्दल बोलतोय की आणखी कशाबद्दल. तिनं उगाचच पदर सारखा केला आणि वर्गाला पळाली. वर्गात त्या दिवशी काय शिकवलं ते देवाला... म्हणजे कोणालाच ठाऊक नाही.

असे शनिवार जात राहिले. मायला वाटे, कॉलेजात अंड्यांची फार नड आहे. कोंबड्यांना वाटत असेल, आपला काहीतरी अपराध झाला. हरिदास अंड्यांवर पेन्सिलीनं खुणा करायचा: पं-१, पं-२, पं-३.

"हे पं काय हाय?" पंचफुलानं एकदा विचारलं.

"पं म्हणजे... पुलगाव."

"पुलगावचा पु असते, मास्तर. मी पहिलीले शिकवतो."

म्हणजे बघा, चिडवायला निघालेली पोरगी गडबडीत स्वतःला 'शिकवतो' म्हणून गेली, पोरासारखं. हरिदासनं हसू दाबलं, तिनं डोळे वटारले, आणि दोघांनी मिळून पं-४ ची काच पुसायला घेतली. त्या काचेएवढी स्वच्छ काच साऱ्या वर्धा जिल्ह्यात नसेल.

पण बोलायचं ते कोणी बोलेना. पंचफुला रोज ठरवायची की त्याच्या मनात आहे, आणि रोज तिला खात्री पटायची की नाही. तो तिच्यासाठी पेरू आणून ठेवायचा. पण मग दारातल्या शिपायालाही द्यायचा! तो तिला स्टेशनपर्यंत सोडायला यायचा. पण सगळ्या वाटेत बेडकाबद्दल बोलायचा. आता यातून पोरीनं काय समजावं?

फेब्रुवारीत तानबामामा आला. जिजाबाईचा भाऊ. हा आला की एखादं स्थळ घेऊनच यायचा. या वेळचं स्थळ नागपूरचं होतं, मुलगा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून, घर पक्कं, माणसं चांगली. पंचफुलाचा बाप कवडू गिरणीत मागावर होता. सबंध जन्म यंत्राच्या आवाजात गेल्यामुळे घरात तो कमीच बोलायचा. तो म्हणाला, "पोट्टीले विचारतो. मार्चाच्या दोन तारखेले जबाब सांगजो त्याइले."

पंचफुलानं त्या शनिवारी पेटीसमोर उभं राहून सांगितलं, "नागपूरचं स्थळ आलं हाय मले."

हरिदासनं थर्मामीटर काढला, पाहिला, झटकला, पुन्हा लावला. "हो का?" तो म्हणाला.

हो का! पंचफुलाला वाटलं, बाराची बारा अंडी याच्या डोक्यावर फोडावीत. तिनं पिशवी उचलली आणि ती दारापर्यंत गेली. मागून आवाज आला. "रविवारी... आम्ही तिघं येतो म्हणतो. मी, बाबा आणि माय. पुलगावले."

"काऊन?"

"कोंबड्या पाहाले."

स्टेशनपर्यंतच्या वाटेत पंचफुला एकटीच हसत होती, आणि टांगेवाले वळून वळून पाहत होते.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. छप्पनच्या ऑक्टोबरात या दोन्ही घरांनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. घरी येऊन देव्हारा रिकामा केला, कुंकवाचा करंडा काढला, जुन्या रीती टाकल्या. टाकल्या त्या एका दिवसात. नव्या मात्र एका दिवसात येत नाहीत. जिजाबाईचा हात अजून सकाळी उठल्यावर कपाळाकडे जायचा आणि अर्ध्यातून परत यायचा. लग्न कसं करायचं ते थोडंफार कळलं होतं, पण मागणी कशी घालायची, सोयरीक पक्की कशी करायची, हे कोणी सांगितलंच नव्हतं. ज्याला जसं सुचलं तसं त्यानं केलं.

रविवारी हरिदास आईबापांना घेऊन आला. बाप डोमाजी, डोक्याला पांढरा फेटा. आई अन्नपूर्णा, बारकी, हसऱ्या डोळ्यांची. सतरंजीवर सगळे बसले. चहा झाला, चिवडा झाला. कापसाचं बोलणं निघालं, गिरणीचं निघालं, देवळीच्या बाजाराचं निघालं. डोमाजींनी खरोखरच कोंबड्याही पाहिल्या. कवडू वाट पाहत होता की आता हे मुद्द्याला हात घालतील. दाराआडून पंचफुला वाट पाहत होती. तिचं काळीज त्या खिडकीतल्या टिंबासारखं थडथडत होतं.

मग अन्नपूर्णाबाईंनी तिला बाहेर बोलावलं. पिशवीतून टपोऱ्या पांढऱ्या शेवंतीचं एकच फूल काढलं, तिच्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाल्या, "घे वो माय." सगळी देवळीकडची मंडळी तिच्याकडे टक लावून पाहू लागली.

पंचफुला गोंधळली. पांढरं फूल! या घरात पांढऱ्या फुलाची जागा एकच होती. ती उठली, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढे तिनं ते फूल ठेवलं, हात जोडले आणि परत येऊन बसली. अन्नपूर्णाबाईंचं हसू मावळलं. डोमाजींनी खाकरून फेटा सारखा केला. हरिदास खाली पाहत होता. थोड्या वेळानं तिघे उठले, अदबीनं जय भीम म्हणाले आणि गेले.

कवडू दारातून आत आला. "गोड बोलून गेले," तो म्हणाला. "मागितलं काईच नाई. पसंत नसन पोट्टी."

"आले काऊन मंग?" जिजाबाई चिडली.

"कोंबड्या पाहाले," पंचफुला म्हणाली, आणि मागच्या दारी जाऊन रडली. खूप रडली. खोटं कशाला सांगू, तिला त्या माणसावर एवढा जीव लागला होता हे तिलाही तेव्हाच कळलं.

आठवडाभर हरिदासची चिठ्ठी नाही, निरोप नाही. बापानं नागपूरचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुमची मर्जी." रविवारी, दोन तारखेला, सकाळच्या गाडीनं तानबामामा होकार घेऊन निघणार होता.

शनिवारी पंचफुला कॉलेजात गेली ती मायची अंड्यांची टोपली परत आणायला. निदान तिनं स्वतःला तसंच सांगितलं होतं. हरिदास पेटीसमोर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. पेटीतले दिवे बंद होते.

"टोपली द्या," ती म्हणाली. "आता अंडी दुसरीकडून पाहा. मी नागपूरले जाईन."

"ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"तुमचं मन तिकडे हाय ते." त्याचा आवाज चिरकला. "तुम्ही अदबीनंच नाई म्हटलं. मायले वाईट वाटलं, पण राग नाई आला. मी बी... राग नाई माह्या मनात."

पंचफुला त्याच्याकडे पाहतच राहिली. "मी नाई म्हटलं? कव्हा? कशाले? कोणी मले काई विचारलं का?"

"फूल दिलं ना!"

"मंग? घेतलं ना!"

"घेतलं आणि ठेवून दिलं! पोरीनं फूल आपल्याजवळ ठेवलं तं हो, आणि हातातून सोडलं तं नाई. सारेच जाणतेत!"

"सारे म्हणजे कोण?"

"आमच्या गावचे..." हरिदास बोलता बोलता थांबला. त्याचा आवाज बारीक झाला. "मागच्या वर्षी गावच्या कडुनिंबाखाली बैठक झाली. कुंकू नाई, नारळ नाई, हुंडा नाई. पोरीचा जबाब पोरीच्याच हातात पाह्यजे, म्हणून फूल. एकमतानं ठराव झाला."

"आणि पुलगावले कळवला?"

हरिदास खिशातला थर्मामीटर चाचपू लागला.

"पांढरं फूल आलं, मी बुद्धापुढे ठेवलं. आणखी कोठी ठेवू? चुलीत?" पंचफुलाला आता हसू येत होतं की संताप, हे तिचं तिला कळत नव्हतं. "आमच्या घरी सारे म्हणतेत, तुम्हाले मी पसंत नाई! आठ दिवस झाले, माह्या गळ्याखाली घास उतरून नाई राह्यला!"

"पसंत नाई?" तो उठून उभाच राहिला. "पंचफुला, मी... पं म्हणजे काय वाटलं तुले?" पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता आणि त्याला ते कळलंही नव्हतं. मग तो कपाळावर हात मारून मटकन खाली बसला. "इतके शनिवार मी तुले हेच शिकवलं. निरोप सोडून भागत नाई, समोरच्याजवळ तो आयकणारा कान पाह्यजे. आणि मी मात्र..."

"तोंडानं काऊन नाई विचारलं?"

"ठरावात नव्हतं."

आता मात्र ती हसली. हसता हसता डोळे पुसू लागली. हरिदास पुन्हा उभा राहिला, त्यानं चष्मा काढला, घातला, घसा साफ केला. "मंग आता विचारतो. तोंडानं. पंचफुला, तू माह्याशी..."

"अथी नाई!" तिनं हात वर केला. "या बरण्यांतल्या बेडकांसमोर नाई. मामा उद्या सकाळी निघते. माह्या घरी चला, साऱ्यांसमोर विचारा. साऱ्यांले आयकू येईन असं."

"साऱ्यांसमोर?" हरिदासचा चेहरा पांढरा पडला. "तुह्या बाबासमोर?"

"हिंमत लागते," पंचफुला म्हणाली. "हाय का?"

पाचच्या गाडीनं दोघं पुलगावला उतरली. मास्तरीण एका परक्या पुरुषाबरोबर चालत येते आहे हे पाहून मोहल्ल्यातली दारं एकामागून एक उघडत गेली. पंचफुला पुढे, हरिदास मागे. तिला ठाऊक होतं की याची जीभ आता आत जाऊन अडखळली तर उद्याची गाडी सुटेल, आणि मग कोणाच्या कानात काही शिरायचं नाही. पण ती थांबली नाही.

अंगणात कवडू बाजेवर बसला होता. तानबामामा पिशवी बांधत होता. पंचफुलानं एका दमात सगळं सांगितलं, फूल, निंब, ठराव.

"म्हणजे त्याइनं मागितलं होतं?" कवडू म्हणाला.

"हो."

"आणि तू काय म्हटलं?"

"मले विचारलं हेच ठाऊक नव्हतं, बाबा!"

"मंग मी नागपूरले जाऊ का नको?" तानबामामा म्हणाला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

हरिदास पुढे झाला. "कवडूजी, मी मागाले आलो. फूलगील नाई, तोंडानं मागून राह्यलो. तुमच्या पोरीले..."

कवडूनं त्याला हातानं थांबवलं. "मले काऊन विचारतं, बाबू? तुमच्या निंबाखाली ठरलं ना, जबाब पोरीचा? तिले विचार."

हरिदास वळला. कुंपणापलीकडे बायका उभ्या होत्या, गिरणीतून परतलेली माणसं उभी होती. तो एकदा घुटमळला. पंचफुलाला वाटलं, आता हा बेडकाबद्दल बोलणार. पण तो मोठ्यानं, जवळजवळ ओरडूनच, म्हणाला, "पंचफुला, तू माह्याशी लग्न करशीन का?"

"हो!" पंचफुला म्हणाली. वर्गात हजेरी घेताना लागतो तसला खणखणीत आवाज लागला.

मग सगळे एकमेकांकडे पाहू लागले. पुढे काय? दारात उभ्या जिजाबाईचा हात सवयीनं दाराशेजारच्या कोनाड्याकडे गेला, तिथे पूर्वी करंडा असायचा. कोनाडा रिकामा होता. हात परत आला. "आता काय करतेत?" तिनं हळूच विचारलं.

"काय करतेत?" कवडूनं मामाला विचारलं.

"मले काय ठाऊक? फूल..."

"फूल नको!" बाकीचे सगळे एकदम ओरडले.

कोणालाच काही सुचेना. हरिदास अंगणात अंथरलेल्या सतरंजीच्या एका टोकाला अवघडून बसला होता, परीक्षेला बसल्यासारखा. पंचफुलानं बापाकडे पाहिलं, मायकडे पाहिलं. मग ती अंगण ओलांडून गेली आणि त्याच्या शेजारी सतरंजीवर बसली. त्या मोहल्ल्यात ठरलेली पोरगी लग्नाआधी अशी आपण होऊन कधी बसली नव्हती. कुंपणापलीकडे कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं.

कवडू बाजेवरून उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "बरं," तो म्हणाला. "हेच करू. पोरगी आपल्या मनानं येऊन बसली का सोयरीक झाली. आजपासून आपल्या अथी हीच रीत." मग कुंपणाकडे वळून त्यानं आवाज चढवला, गिरणीत चढवायचा तसा. "पाह्यलं ना साऱ्याइनं?"

"पाह्यलं!" कुंपणापलीकडून एकच गलका झाला.

तानबामामानं पिशवीची गाठ सोडली. जिजाबाई चहा ठेवायला आत धावली. पंचफुला मान खाली घालून बसून राहिली. शेजारी हरिदास चष्मा काढून सदऱ्याला पुसत होता. तिला हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि दोन्हींतलं आधी कोणतं करावं हे तिचं काही केल्या ठरत नव्हतं.